द्राक्षबागेतील प्रमाणके आणि त्यांची मराठी : दिंडोरी तालुक्याच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

शेतमालाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात गेल्या तीन दशकांत एक नवा लेखनप्रकार रूढ झाला आहे. त्यास ‘प्रमाणक’ असे नाव आहे. माल कोणत्या जमिनीत पिकला, त्यावर कोणती द्रव्ये केव्हा व किती वापरली, पाणी कोठून घेतले, मजुरांच्या सुरक्षिततेची तजवीज कोणती केली, इत्यादी प्रश्नांची लेखी उत्तरे हे प्रमाणक मागते, आणि उत्तरे समाधानकारक असल्यास प्रमाणपत्र देते. पामतेल, कॉफी, कोको यांच्या व्यापारात ही पद्धती रुळली आहे. महाराष्ट्रात तिचा सर्वांत निकटचा परिचय द्राक्ष-उत्पादकांस झाला.

अशा प्रमाणकांचा विचार सामान्यतः कृषिशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या अंगाने होतो. तथापि प्रमाणक ही प्रथमतः एक संहिता असते. ती इंग्रजीत रचली जाते, मराठीत उतरविली जाते, आणि अखेर चार-पाच एकरांच्या बागेत पहाटे फवारणीस निघालेल्या माणसाच्या कृतीत तिचा अर्थ लागावयाचा असतो. या प्रवासात अर्थ कोठे गळतो आणि कोठे टिकतो, हा भाषाभ्यासाचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात दिंडोरी तालुक्यातील द्राक्षशेतीच्या आधारे त्याचे विवेचन करावयाचे आहे. परकी संज्ञा अवघड असते म्हणून अल्पभूधारक अडतो, हा समज अपुरा आहे. संज्ञेला त्याच्या कामाच्या दिवसात निश्चित जागा मिळाली नाही म्हणजे तो अडतो, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

२. पार्श्वभूमी

दिंडोरी हा नाशिक शहराच्या उत्तरेकडील तालुका. त्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांना लागून असून तेथे आदिवासी वस्ती आहे. पूर्वेकडील भाग बागायती आहे. वाघाड, करंजवण, पालखेड, ओझरखेड, पुणेगाव ही धरणे याच तालुक्यातील. त्यांच्या पाण्यावर द्राक्षबागांचा विस्तार झाला. थॉमसन सीडलेस व तिच्यापासून निघालेल्या जाती, तसेच शरद सीडलेससारख्या काळ्या जाती येथे घेतल्या जातात, आणि त्यांतील बराच माल युरोपात जातो.

या निर्यातीस पूरक अशा तीन व्यवस्था क्रमाने उभ्या राहिल्या. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. २००६ मध्ये अपेडा या केंद्रीय संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही नोंदणीपद्धती सुरू केली. तीत निर्यातीच्या प्रत्येक बागेस स्वतंत्र क्रमांक मिळतो व युरोपातील पेटीवरून मूळ बागेपर्यंत माग काढता येतो. तिसरी व्यवस्था खाजगी प्रमाणकांची. युरोपातील किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये ‘युरेपगॅप’ या नावाने आरंभिलेले प्रमाणक २००७ पासून ‘ग्लोबलगॅप’ या नावाने ओळखले जाते.

लहान शेतकऱ्यास एकट्याने असे प्रमाणपत्र घेणे परवडत नाही. म्हणून गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. गटाने आपल्या प्रत्येक सभासदाची वर्षातून एकदा स्वतः तपासणी करावयाची, आणि बाहेरच्या प्रमाणन-संस्थेने सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा पाहावयाच्या, असा त्याचा सर्वसाधारण नियम आहे. शंभर सभासदांच्या गटात बाहेरचा तपासनीस दहा बागा पाहील. ते दहा कोणते, हे अगोदर ठाऊक नसते. आणि त्यांत आढळलेल्या उणिवेचा परिणाम साऱ्या गटावर होतो. गटातील सर्वांना प्रत्येक अटीचा एकच अर्थ समजलेला असणे ही यामुळे केवळ इष्ट गोष्ट राहत नाही, तर व्यवहाराची गरज होते. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘सह्याद्री’ ही शेतकरी उत्पादक कंपनी अशा सामूहिक प्रयत्नाचे देशभर परिचित झालेले उदाहरण होय.

३. २०१० चा प्रसंग

२०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या द्रव्याचा अंश युरोपातील प्रयोगशाळांना आढळला. शेतकरी त्यास ‘सीसीसी’ म्हणतात. युरोपीय संघाची मर्यादा दर किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. एवढ्या आकड्याने काही बोध होत नाही. २० टन द्राक्षांत मिळून १ ग्रॅम, असे म्हटले म्हणजे मर्यादेची सूक्ष्मता ध्यानात येते. माल परदेशी बंदरांत व गोदामांत अडकला, भाव कोसळले, आणि भाड्यासह सारा भार निर्यातदारांवर व उत्पादकांवर पडला. अनेक बागायतदारांना त्या वर्षीच्या कर्जाची फेड करणे अशक्य झाले.

या प्रसंगात उत्पादकांनी बेकायदेशीर असे काही केले नव्हते. हे द्रव्य भारतात द्राक्षासाठी नोंदलेले होते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर वेलीची पालेदार वाढ आवरावी व काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी, यासाठी ते अनेक वर्षे वापरात होते. परंतु निर्यातीपूर्वी प्रयोगशाळेत तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. एक यादी वापरास अनुमती देत होती, दुसरी यादी त्याविषयी मौन पाळीत होती, आणि तिसऱ्या, समुद्रापलीकडच्या यादीत ते जवळजवळ निषिद्ध होते. तीनही याद्या खऱ्या होत्या; त्यांचे परस्परांशी असलेले नाते मात्र कोणत्याही एका वाक्यात शेतकऱ्यापुढे मांडले गेले नव्हते.

त्या वर्षानंतर तपासणीची यादी वाढली व या द्रव्याविषयी सक्त सूचना निघाल्या. म्हणजे प्रशासकीय दुरुस्ती झाली. पण या प्रसंगाने उघड केलेली भाषिक रचना अद्यापही अभ्यासण्याजोगी आहे.

४. औषध, संजीवक आणि अंश

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात कीडनाशकास व बुरशीनाशकास ‘औषध’ म्हणतात. शेतकरी ‘औषध मारतो’. भुरी, केवडा, करपा हे ‘रोग’, म्हणून त्यांवर ‘औषध’, ही उपमा सुसंगत आहे. ‘औषध’ या शब्दाच्या अर्थक्षेत्रात उपकाराची कल्पना अंगभूत आहे. रोग गेला की औषधाचे काम संपले, अशीच त्याची स्वाभाविक समजूत असते. काम झाल्यावरही द्रव्य फळात उरते व त्या उरण्याचे स्वतंत्र मोजमाप होते, ही कल्पना या शब्दात कोठेही सामावलेली नाही.

‘संजीवक’ या शब्दाची स्थिती याहून लक्षणीय आहे. वनस्पतीच्या वाढीचे नियमन करणाऱ्या द्रव्यांना मराठी कृषिसाहित्याने ‘संजीवके’ असे नाव दिले. मण्यांचा आकार वाढविणारे जिबरेलिक ॲसिड हे संजीवक, आणि वाढ रोखणारे सीसीसी हेही याच वर्गातले. व्युत्पत्तीने जीव देणारे, असा या शब्दाचा अर्थ. वाढ रोखणाऱ्या द्रव्यास तो लावणे शास्त्रदृष्ट्या चमत्कारिकच. पण व्यवहारातील परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. बोलीच्या वर्गीकरणात ‘औषध’ आणि ‘संजीवक’ हे दोन भिन्न वर्ग झाले. “कोणकोणती औषधे मारली?” या प्रश्नाच्या उत्तरात संजीवकाचे नाव न येणे, हे अशा भाषेत लबाडीचे लक्षण मानता येणार नाही, प्रश्नच तेवढा पोहोचत नाही. प्रमाणकाला मात्र दोन्ही सारखीच : शेतात गेलेले प्रत्येक द्रव्य त्याला नोंदीत हवे असते. यावरून नोंदवहीच्या स्तंभास ‘औषधाचे नाव’ असा मथळा देणे सदोष आहे, हे सहज समजून येईल. ‘बागेला काय दिले?’ हा साधा प्रश्न अधिक व्यापक, म्हणून अधिक शास्त्रीय ठरतो.

तिसरा शब्द ‘अंश’. ‘उर्वरित अंश’, ‘अवशेष’ असे पर्याय छापील मराठीत आहेत; बागेत सर्रास चालतो तो ‘रेसिड्यू’. हा परका शब्द लहानथोरांच्या तोंडी बसला, कारण त्याला एक ठोस प्रसंग मिळाला. काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस येतो, बागेतून नमुना नेतो आणि अहवाल येतो. त्या अहवालावर व्यापाऱ्याचा भाव ठरतो. शब्द परका राहिला, परंतु त्याचा अर्थ घरचा झाला. याउलट त्याचे संस्कृतोत्पन्न रूपांतर फसवे ठरू शकते. ‘रेसिड्यू-फ्री’ याचा अनुवाद कित्येकदा ‘विषमुक्त’ असा केला जातो. मूळ संज्ञा एका ठरीव मर्यादेच्या आतल्या मोजमापाविषयी बोलते. ‘विषमुक्त’ हा शब्द निरपवाद अभावाचे अभिवचन देतो. ते अभिवचन ना प्रयोगशाळा देऊ शकते, ना शेतकरी.

५. दिवसांची दोन गणिते

प्रमाणक पाळण्यातील सर्वांत कठीण अट प्रतीक्षाकाळाची. प्रत्येक द्रव्यास काढणीपूर्वी किती दिवस वापर थांबवावा हे ठरवून दिलेले असते. शिफारशीत रसायने व त्यांचे प्रतीक्षाकाळ दाखविणारी ‘परिशिष्ट ५’ ही यादी निर्यातदार बागायतदारांत सुपरिचित आहे. यादी स्पष्ट असूनही चूक का होते, याचे एक कारण कालगणनेच्या पद्धतीत सापडते.

द्राक्षबागायतदाराचे वर्ष छाटणीपासून सुरू होते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, हे त्याचे दोन आरंभबिंदू. दोन बागायतदार भेटले म्हणजे “बाग किती दिवसांची?” असा प्रश्न होतो, आणि “पंचेचाळीस दिवसांची” असे उत्तर येते. पोंगा, फुलोरा, मणी धरणे, पाणी उतरणे या साऱ्या अवस्था त्या मोजणीवर बसविलेल्या असतात. ही गणना पुढे जाणारी आहे. प्रतीक्षाकाळ मात्र काढणीच्या दिवसापासून मागे मोजावयाचा असतो, आणि तो दिवस फवारणीच्या वेळी अद्याप उगवलेला नसतो.

समजा, एका द्रव्याचा प्रतीक्षाकाळ ६० दिवसांचा आहे आणि बाग १२५ दिवसांत काढणीस येईल असा अंदाज आहे. तर त्याची शेवटची फवारणी छाटणीनंतर ६५ व्या दिवसापर्यंतच करता येईल. बाजार चढा असून व्यापारी दहा दिवस आधी माल मागू लागला, तर ६५ व्या दिवशी केलेली निर्दोष फवारणी ११५ व्या दिवशी सदोष ठरते. कारण मध्ये पन्नासच दिवस गेलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पाऊस येऊन केवड्याचे भय उत्पन्न झाले म्हणजे उशिरा फवारणी करण्याचा मोह किती बलवत्तर होत असेल, याची कल्पना करता येते.

येथे भाषांतराचा उपाय म्हणजे ‘काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ’ ही संज्ञा अधिक सोपी करणे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः संज्ञा पुरेशी सोपी आहे. गणित उलटे आहे. “काढणीपूर्वी ६० दिवस वापरू नये” या वाक्याऐवजी “बाग ५५ दिवसांची झाल्यावर हे द्यावयाचे नाही” असे वाक्य, दहा दिवसांची सवड राखून, त्या त्या बागेच्या छाटणीच्या तारखेसह दिले, तर तीच अट शेतकऱ्याच्या स्वतःच्या कालगणनेत येऊन बसते. असे रूपांतर करावयाचे तर अनुवादकास मराठी येणे पुरत नाही. त्यास बागेचा दिनक्रम ठाऊक असावा लागतो.

६. विध्यर्थाची अडचण

ग्लोबलगॅपच्या अटींत श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीच्या अटी शंभर टक्के पाळाव्या लागतात; दुसऱ्या श्रेणीच्या पंचाण्णव टक्के पाळल्या तरी चालते; तिसरी श्रेणी निव्वळ शिफारशींची. इंग्रजी संहितेत हा भेद क्रियापदांनी व श्रेणीच्या नावांनी स्पष्ट केलेला असतो.

मराठीत तो विध्यर्थात विरून जातो. ‘नोंद ठेवावी’, ‘साठा कुलूपबंद ठेवावा’, ‘झाडे लावावीत’ ही तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या एकाच जातीची आहेत. मराठी विध्यर्थ कर्तव्य, इच्छा, शक्यता, योग्यता असे अनेक अर्थ वाहतो, हे व्याकरणकारांनी पूर्वीच सांगितले आहे. शिवाय कृषिपत्रिकांतून व आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमांतून हाच विध्यर्थ पिढ्यान्‌पिढ्या सल्ल्याचा स्वर म्हणून कानी पडत आला आहे. ‘अमुक फवारणी करावी’ हा सल्ला शेतकरी ऐकतो, पारखतो आणि सोयीने स्वीकारतो. त्याच स्वरात आलेली सक्तीची अट त्याला सल्लाच वाटली, तर त्यात नवल नाही.

यावर ‘-लेच पाहिजे’ हे रूप वापरणे हा एक मार्ग आहे. त्याहून मराठीच्या प्रकृतीस अधिक जवळचा मार्ग संकेतार्थाचा : “फवारणीची नोंद नसेल, तर माल घेतला जाणार नाही.” यात सक्तीचे कारण व फल दोन्ही उच्चारले जातात, आणि ऐकणाऱ्यास अटीचे वजन कळते.

७. कर्ता कोण?

प्रमाणकांच्या मराठी अनुवादात ‘करण्यात यावे’ ही रचना वारंवार येते. “फवारणीच्या वेळी संरक्षक साधनांचा वापर करण्यात यावा” या वाक्यात कर्ता नाही. बागेत मात्र कर्ते अनेक असतात : मालक, ट्रॅक्टरवर फवारणी करणारा, मुकादम, आणि छाटणी, विरळणी, डिपिंग यांसाठी आलेली मजुरांची टोळी. ही टोळी बहुधा पेठ, सुरगाणा येथील किंवा दिंडोरीच्याच पश्चिम पट्ट्यातील असते; तीत स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांतील अनेकांची घरची बोली कोकणा किंवा अन्य आदिवासी बोली आहे. त्यांच्या दृष्टीने ग्रांथिक मराठी ही इंग्रजीइतकी नव्हे, तरी दूरचीच भाषा.

फवारलेल्या बागेत किती काळ पाऊल ठेवावयाचे नाही, ही अट ज्यांच्या देहाशी सर्वाधिक संबद्ध आहे, त्यांच्यापर्यंत ती लेखी रूपात क्वचितच पोहोचते. मुकादमाच्या तोंडून “आज त्या बागेत जायचं नाही” एवढे वाक्य निघाले तर ती पोहोचली. एरवी ती फायलीत राहिली. शाश्वत शेतीच्या प्रमाणकात मजुराची सुरक्षितता हे स्वतंत्र प्रकरण असते. म्हणून अनुवादाची कसोटी या शेवटच्या दुव्यावर घेतली पाहिजे. प्रत्येक अटीस कर्ता देणे, म्हणजे ‘फवारणाऱ्याने’, ‘मालकाने’, ‘मुकादमाने’ असे आरंभीच म्हणणे, ही लहानशी दुरुस्ती पुष्कळ काम करू शकते.

८. रुजलेल्या शब्दाचे उदाहरण

शब्द परका असूनही नियम पूर्णपणे आपलासा होतो, याचे उदाहरण याच तालुक्यात आहे. वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या प्रेरणेने पाणीवापर संस्था स्थापन झाल्या. पुढे त्यांनी संपूर्ण प्रकल्पाच्या पाण्याचे वाटप हाती घेतले. पाणी मोजून घ्यावयाचे, मोजमापाप्रमाणे पट्टी भरावयाची, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्यास त्याचा वाटा मिळालाच पाहिजे, ही या व्यवस्थेची तत्त्वे.

‘टेल’, ‘हेड’, ‘कोटा’ हे शब्द येथे ‘आवर्तन’ व ‘पाळी’ या शब्दांच्या जोडीने सहज बोलले जातात. ‘टेलचा शेतकरी’ म्हणजे कोण, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. संस्थेच्या सभेत त्याच्या पाण्याविषयी भांडता येते, चारीवर जाऊन ते पाहता येते, आणि नियम मोडला तर मोडणारा कोण हेही कळते. ‘टेल’ला बोलीत जागा मिळाली ती अशा रीतीने. ‘शाश्वत’ या शब्दास तशी जागा अद्याप मिळालेली नाही. तो भाषणांत व अहवालांत आहे. बागेत त्याच्या नावाने काय करावयाचे, हे तो स्वतः सांगत नाही. पाण्याचे मोजमाप, प्रतीक्षेचे दिवस, रिकाम्या बाटल्यांची विल्हेवाट अशा कृतींतूनच त्याचा अर्थ उलगडावा लागतो.

९. व्यापक संदर्भ

द्राक्षापुरताच हा विचार मर्यादित नाही. जगातील पामतेलाच्या उत्पादनात लहान शेतकऱ्यांचा वाटा मोठा आहे, विशेषतः इंडोनेशियात व मलेशियात. २००४ मध्ये स्थापन झालेल्या शाश्वत पामतेलविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाने मोठ्या मळ्यांसाठी रचलेले आपले प्रमाणक या शेतकऱ्यांना पेलत नाही, हे अनुभवास आल्यावर २०१९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळे प्रमाणक स्वीकारले. त्यात सर्व अटी पहिल्याच दिवशी न लादता, आरंभीच्या पात्रतेपासून पूर्ण अनुपालनापर्यंत तीन टप्पे ठेवले आहेत. संहितेनेच वाचकाकडे काही पावले चालून जाण्याचा हा प्रयत्न होय.

भारतातही २०२१ मध्ये खाद्यतेलांचे राष्ट्रीय अभियान जाहीर होऊन तेलताडाच्या लागवडीस चालना देण्यात आली. आंध्र, तेलंगण व ईशान्येकडील राज्ये हे तिचे मुख्य क्षेत्र. तेथे उद्या प्रमाणके येतील तेव्हा ती तेलुगूत, मिझोत व अन्य भाषांत उतरवावी लागतील. त्या वेळी दिंडोरीच्या द्राक्षबागेतील अनुभव उपयोगी पडावा. तेथील शेतकरी दिवस कोठून मोजतो, खते व औषधे कोणत्या वर्गांत टाकतो, आणि त्याच्या भाषेतील सल्ल्याचे व सक्तीचे स्वर कोणते, याची पाहणी अनुवादापूर्वी व्हावयास हवी.

१०. समारोप

वरील विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडे आहेत. प्रमाणकाच्या मराठीकरणात प्रतिशब्दांच्या शोधाला अवास्तव महत्त्व मिळाले आहे. ‘रेसिड्यू’ आणि ‘टेल’ यांनी ते अनावश्यक असल्याचे दाखविले आहे. खरी अडचण वर्गीकरण, कालगणना, विध्यर्थ व कर्ता या चार ठिकाणी आहे, आणि त्या चारही गोष्टी भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतात. कृषिविज्ञानाच्या पदवीधराने व भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने एका हंगामात, खरड छाटणीपासून काढणीपर्यंत, एकाच गटाच्या नोंदवह्या बरोबरीने वाचणे व त्यांविषयीचे बोलणे टिपून घेणे, हे पदव्युत्तर प्रबंधासाठी उत्तम क्षेत्रकार्य ठरेल. त्यातून सिद्ध होणारी नोंदवही कदाचित् अधिक ओबडधोबड मराठीत असेल. परंतु २०१० साली तीन याद्यांच्या मधल्या पोकळीत ज्यांचे वर्षाचे श्रम बुडाले, त्यांच्या दृष्टीने सफाईदार वाक्यापेक्षा, वेळेवर व योग्य त्या माणसास कळणारे वाक्य अधिक मोलाचे आहे.